रिकाम्या घरांची माळवदं

माळवदावर चढणाऱ्या पुरुषानं आधी हाळी द्यायची, असा आमच्या गल्लीत रिवाज होता. "माळवदावर आलोय हो!" असं ओरडायचं, थोडं थांबायचं आणि मगच डोकं वर काढायचं. कारण वरून आजूबाजूच्या घरांची अंगणं आणि न्हाण्या सरळ दिसायच्या. बायकांना मात्र हाळी द्यायची गरज नव्हती. बाई माळवदावर जाणार ती पापड वाळवायला नाहीतर कुरडया राखायला, तिला दुसरं काय काम, असं सगळे धरून चालत. त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला.

मी माळवदं हिंडायचे आणि रिकामी घरं बघायचे. आज कुणी विचारलं तर 'छंद होता' म्हणते, कारण छंद म्हटलं की लोक पुढं विचारत नाहीत. तेव्हा मी त्याला काहीच म्हणत नव्हते. नवरा जेवून कचेरीत गेला, भांडी झाली, गल्ली दुपारची आडवी झाली, की मी परसातली शिडी लावून वर जायचे. पाय अनवाणी, पदर कमरेला खोचलेला.

तुळजापूर उतारावर वसलेलं. घराला घर चिकटलेलं आणि सगळ्यांची छतं पांढऱ्या मातीची, सपाट. कुठं गुडघाभर उतरायचं, कुठं हात टेकून चढायचं, एवढंच. आमच्या माळवदावरून निघालं की गल्लीच्या टोकापर्यंत जमिनीला पाय न लावता जाता यायचं. मधे मधे रिकामी घरं होती. रझाकारांच्या गडबडीत काही लोक बार्शीला, सोलापूरला पळाले आणि तिकडंच राहिले. पोलीस ॲक्शननंतर दुसरे काही गेले, ते हैदराबादकडं. गेलेली माणसं वेगवेगळी होती, दारांना लावलेली कुलपं सारखीच होती. पण कुलूप दाराला असतं. माळवदावरून खाली जाणाऱ्या जिन्याला कोण कुलूप लावतंय?

हे सुरू व्हायच्या थोडं आधी मला मुलगी झाली होती. अकरा दिवस होती. बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी गेली, म्हणून तिला नाव नाही. माझी आई मी लहान असतानाच वारलेली, त्यामुळं बाळंतपणाला मी अणदूरला माहेरी गेले नाही. माझं सगळं शेजारच्या काकूंनी केलं. त्या नात्याच्या कुणी नव्हत्या, पण मला शेक-शेगडी त्यांनी दिली, बाळाला न्हाऊमाखू त्यांनी घातलं. घुगऱ्यांसाठी हरभरेही त्यांनीच भिजत घातले होते. मुलगी गेल्यावर ते पातेलं तसंच राहिलं आणि हरभऱ्यांना मोड आले. मग काकूंनी ते नेऊन गाईला घातले. मला ते मोड लख्ख आठवायचे. मुलीचं तोंड आठवायचं नाही.

बायका म्हणायच्या, रडून घे, मोकळी होशील. मला रडू आलं नाही. मी काही धीराची वगैरे नव्हते, मला नुसतं काही वाटत नव्हतं. भाजीत मीठ पडलंय की नाही हे कळायचं नाही. नवरा मुकाट्यानं वरून घ्यायचा. चुलीवर हात भाजला तर आधी दिसायचा आणि मग दुखायचा. आणि माणसांचा मला कंटाळा आला होता. त्यांच्या तोंडावर माझ्यासाठी जे भाव यायचे त्यांना काहीतरी परत द्यावं लागतं, आणि माझ्याकडं द्यायला काही नव्हतं.

रिकाम्या घरांत ती कटकट नव्हती. मी जिना उतरून आत जायचे आणि खोल्याखोल्यांतून फिरायचे. उंदरांनी कुरतडलेलं पंचांग, उर्दू अक्षरं असलेली पोराची पाटी, कोनाड्यात पणतीच्या काजळीचा डाग, जात्याची एकटी खालची तळी, असं काहीबाही असायचं. मी काही उचलून आणलं नाही. गल्लीत एकदोघींना माझ्या जाण्यायेण्याचा वास लागला तेव्हा त्यांनी 'कारकुनाची बायको गुप्तधन धुंडतीय' अशी कुजबुज केली होती म्हणे. धुंडू देत. प्रत्येक घरात मधल्या तुळईला पाळण्याच्या दोन लोखंडी कड्या असायच्या. हिंदूचं घर असो की मुसलमानाचं, कड्या असायच्याच. मी त्यांच्याखाली बसून राहायचे. मग उन्हं कलली की वर येऊन घरी जायचे आणि चहाचं आधण ठेवायचे.

माझा नवरा गरीब स्वभावाचा माणूस होता. निजामाच्या अमलात उर्दूत शिकलेला. तहसील कचेरीत आता सगळं मराठीत आलं होतं, तर घरी बसून शाळकरी पोरासारखा जिभेचं टोक बाहेर काढून टिपणं गिरवायचा. त्यानं मला एकदा सोलापूरला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, हिला काही झालेलं नाही. परत येताना आमची मोटार जुन्या सरहद्दीजवळ बंद पडली. तिथं निजामाच्या राज्याचा करोडगिरीचा नाका होता. पूर्वी तिथं गाड्या थांबवून जकात घ्यायचे. सरहद्दच उरली नाही तेव्हा नाकाही ओस पडला होता. सगळे उतारू झाडाखाली बसले आणि मी नाक्यात शिरले. दाराची फळकूटं कुणीतरी नेली होती, आत शेळ्यांच्या लेंड्या होत्या. नवरा माझ्या मागं आला.

"काय बघायचंय त्यात?" त्यानं विचारलं.

"कुणी न्हाय, ते बघतीय," मी म्हणाले.

हे आपण डॉक्टरला सांगायला हवं होतं, असं बिचाऱ्याला वाटलं असावं.

आता भिंतीचं सांगते. काकूंच्या घराला लागून, पलीकडच्या बाजूला, एक रिकामं घर होतं. मालक बार्शीला. दोन्ही घरांत एकच सामायिक भिंत. माळवदावर दर उन्हाळ्यात नवी पांढरी माती टाकून चोपून घ्यावी लागते, नाहीतर पावसाचं पाणी आत मुरतं. या घरावर सात-आठ उन्हाळे कुणी टोपलंभर माती टाकली नव्हती. माझ्या तळपायांना ते आधीच कळलं होतं. तिथं चालताना पायाखालची माती जरा दबायची. वैशाखात एका दुपारी मी आत उतरले तर सामायिक भिंतीला पोट सुटलेलं दिसलं. अगदी माणसाच्या पोटाच्या उंचीवर भिंत रिकाम्या घराच्या बाजूला फुगली होती आणि तिच्या वर, थेट छताखाली, एक आडवी भेग होती. मी हात लावला. वैशाखाचं ऊन बाहेर तापत होतं आणि भिंत ओलसर होती.

मला तेव्हाही काही वाटलं नाही. भिंती पडतात. मी घरी आले.

ज्येष्ठात काकूंची मुलगी बाळंतपणाला आली. तिला तिकडं परांड्याच्या बाजूला, सोनारीजवळ दिलेली. पहिलटकरीण. गल्लीत माझ्याशी हसून बोलणारी तेवढी एकच होती, कारण माझ्या मुलीच्या वेळी ती इथं नव्हती आणि तिनं काही बघितलं नव्हतं. मला ती वैनी म्हणायची. काकूंच्या घरात बाळंतिणीची खोली ठरलेली होती. सगळ्यात आतली, वारं न येणारी. काकूंची सगळी बाळंतपणं त्याच खोलीत झाली होती. आणि बाज टाकायची जागाही ठरलेली, मागच्या भिंतीला लावून. ती मागची भिंत म्हणजेच ही.

आषाढात तिला मुलगा झाला. गल्लीभर साखर वाटली. आमच्याकडची वाटी काकू स्वतः घेऊन आल्या, पण उंबऱ्याबाहेरूनच दिली आणि 'बघायला ये' म्हणाल्या नाहीत. लेकरू गेलेल्या बाईची सावली बाळंतिणीवर पडू देत नाहीत. त्यांचं चुकलं असं मला वाटलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. साखर मी मुंग्या लागेपर्यंत तशीच ठेवली.

त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला सांगितलं, "पलीकडच्या रिकाम्या घरात भिंतीला पोट सुटलंय. काकूंच्या बाळंतिणीच्या खोलीचीच भिंत हाये ती."

"तुला कुणी सांगितलं?"

"मी बघितलं."

"कुठून बघितलं?"

"आतून."

त्याचा घास हातातच राहिला. "कुलूप हाये की त्या घराला. तू आत कशी गेलीस?"

मी माळवदाचं सांगितलं. नाहीतरी कधीतरी सांगायचंच होतं. त्यानं ऐकून घेतलं आणि भिंतीबद्दल एक शब्दही विचारला नाही. लोकांच्या माळवदावर जातेस, लोकांच्या न्हाण्या खाली असतात, कुणी बघितलं असतं तर मी कचेरीत कुठल्या तोंडानं बसायचं, हेच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. शेवटी म्हणाला, "मालकाला बार्शीला पत्र टाकतो." आणि टाकलंही. विनंतीअर्ज लिहितात तसं लिहिलं होतं. उत्तर आलं नाही.

म्हणून मी आडावर काकूंना गाठलं. सकाळची वेळ, आम्ही दोघीच होतो.

"काकू, आतल्या खोलीतनं बाज हलवा," मी म्हणाले. "मागची भिंत पडायला झालीय. बाळ-बाळंतिणीला सोप्यात घ्या."

काकूंच्या हातातला दोर थांबला. "काय म्हणलीस?"

"भिंत पडंल म्हणतीय मी. पावसाच्या आत हलवा."

"आगं बये, सकाळच्या पारी काय अभद्र बोलतीस? लेकराला अजून धा दिवस न्हाय झाले!" काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते रागाचं नव्हतं. त्या घाबरल्या होत्या. "तुझ्या वाट्याला आलं ते लई वाईट आलं. म्या काय कमी केलं का तुझं? मग माझ्या लेकीच्या वाट्याला ते कशापायी घालतीस?"

घागर अर्धीच भरली होती, तशीच उचलून त्या गेल्या. मी आडाच्या काठावर उभी राहिले. ते बोलणं मला लागायला हवं होतं. लागलं नाही. मी माझी घागर भरली आणि घरी आले.

संध्याकाळी त्यांच्या घरून मीठ-मोहऱ्या जळाल्याचा वास आला. मिरच्या टाकल्या की ठसका उठायला पाहिजे. नाही उठला तर दृष्ट भारी लागली असं धरतात. कुडापलीकडून काकू कुणालातरी सांगत होत्या, "एक शिंक न्हाय आली बघा कुणाला." बाज हलली नाही. उलट आतल्या खोलीच्या दाराला लिंबाचा डहाळा बांधला आणि खोलीचं दार दिवसाही लोटून ठेवायला लागले. म्हणजे तिला माझ्यापासून जपायचं म्हणून दार लोटलं, आणि तसं मीच तिला त्या भिंतीजवळ जास्त कोंडलं होतं.

मग झड लागली. चार दिवस पाऊस भुरभुरत राहिला, जोराचा नाही आणि थांबतही नाही. मी घरात बसून होते. चुलीपुढं बसलं तरी मला ती भिंत दिसायची. मुलगी गेल्यापासून एखादी गोष्ट अशी डोक्यात बसून राहिली नव्हती.

पाचव्या दिवशी दुपारी उघडीप पडली. मी वर गेले. माळवदांवर चिखल होता, पाय घसरत होते. आधी रिकाम्या घरात उतरले. भिंतीचं पोट आणखी वीतभर पुढं आलं होतं आणि हात लावायच्या आधीच त्यातून माती गळत होती. पुन्हा वर आले आणि काकूंच्या माळवदावर गेले. उजेडासाठी आणि धुरासाठी माळवदाला हातभर भोक ठेवतात, त्याला साणं म्हणतात. पावसात त्यावर फरशी सरकवतात. उघडीप म्हणून आणि शेगडीचा धूर जावा म्हणून त्या दिवशी फरशी बाजूला केली होती. मी चिखलात गुडघे टेकले आणि खाली डोकावले.

खाली बाज होती, भिंतीला लावलेली. काकूंची मुलगी कुशीवर पडून बाळाला पाजत होती. ओव्याच्या धुरीचा वास वर येत होता. उजेड कमी झाला तसं तिनं वर बघितलं. आधी दचकली, मग ओळखलं.

"वैनी?" ती हळूच म्हणाली आणि हसली. बाळ पिऊन थांबलं होतं. तिनं त्याला जरासं माझ्याकडं वळवलं. मला दिसावं म्हणून.

काय करायचं ते मला तोपर्यंत माहीत नव्हतं. भिंत पडणार हे सांगून झालं होतं. सांगून कुणी ऐकणार नव्हतं. पण एका गोष्टीला त्या घरातलं प्रत्येक माणूस घाबरत होतं, आणि ती गोष्ट मी होते.

आपल्याकडं तान्ह्या बाळाला उघड चांगलं म्हणत नाहीत. चुकून तोंडातून गेलं तर लगेच थू थू करतात. मी साण्यात तोंड घातलं आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लई गोड लेकरू हाये गं! लई गोरं हाये! असलं लेकरू म्या कुठं बघितलं न्हाय!" आणि पुन्हा तेच म्हणाले, आणि पुन्हा. थू केलं नाही.

तिचं हसू गेलं. तिनं घाईघाईनं पदर ओढला आणि बाळ झाकलं.

तेवढं मात्र लागलं. आडावरचं लागलं नव्हतं, हे लागलं. आणि खोटं कशाला सांगू, मी जे ओरडले त्यातलं निम्मं नाटक होतं आणि निम्मं खरं होतं. ते लेकरू मला हवं होतं.

काकू धावत आत आल्या, वर बघून किंचाळल्या. मी हलले नाही. त्यांनी मला नीट बघावं म्हणून तशीच थांबले. मग उठून, कुणी बघतंय याची पर्वा न करता, माळवदांवरून घरी आले. तासाभरात बाज त्या खोलीतून निघून सोप्यात गेली. ती खोली आता बाधली, तिथं बाळ-बाळंतिणीला ठेवायचं नाही, असं काकूंनी ठरवलं. बाहेर सोप्यात वारं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याची वर्दळ होती, पण सोप्याला माळवदावरचं साणं नव्हतं. हे मला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी, माणसं चहा पीत असताना, भिंत पडली. आवाज मोठा नव्हता. कुणीतरी धान्याचं पोतं टाकावं तसा. पोट रिकाम्या घरात फुटलं आणि भिंतीचा वरचा भाग काकूंच्या बाजूला कोसळला; आतली खोली छताच्या निम्म्या लाकडांसकट मातीनं भरली. जिथं बाज असायची तिथं पुरुषभर ढीग होता. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

मला वाटलं होतं, आता तरी कळेल. मूर्ख होते. दुपारपर्यंत गल्लीत एकच बोलणं होतं, की लेकराला लागायची ती हिची दृष्ट भिंतीला लागली, देवीनं लेकरू वाचवलं. आडावर सांगितलं होतं त्याचाही अर्थ लागला. आधी तोंडानं म्हणाली, मग डोळ्यांनी केलं. माझ्या नवऱ्यानं कुणालातरी त्या बार्शीच्या पत्राचं सांगायचा प्रयत्न केला. लोकांनी ऐकून घेतलं, कारण तो कचेरीतला माणूस होता. मग घरी येऊन त्यानं शिडी उचलली आणि सुताराला देऊन टाकली. मी माळवदावर परत कधी गेले नाही.

हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. मी रस्त्यानं निघाले की बायका कडेवरच्या पोरांची तोंडं झाकायच्या. काकू समोर आल्या की मान वळवायच्या. ज्यांनी माझ्या मुलीला न्हाऊ घातलं त्यांनी मान वळवली, याचं मला वाईट वाटलं. वाईट वाटतंय हे कळायला मात्र दोन-तीन दिवस लागले.

दिवाळीच्या आधी काकूंच्या मुलीला सासरी न्यायला माणसं आली. मोटार गाठायची तर आमच्या दारावरूनच जावं लागे. मी दार लावून घ्यायला उठले होते, शिष्टाचार म्हणून. एवढ्यात ती दिसली. पुढं पेट्या घेतलेली माणसं, मागं काकू आणि मधे ती. बाळाला खांद्याशी धरलेलं, त्याच्या तोंडावर फडकं टाकलेलं, गालाला मोठी काळी तीट असणार. मी दाराआड झाले.

ती आमच्या दारासमोर थांबली. काकू मागून म्हणाल्या, "चल की, मोटार जाईल."

ती हलली नाही. तिनं फडकं काढलं, बाळाला दोन्ही हातांत घेऊन पुढं धरलं आणि उंबऱ्याजवळ आली.

"वैनी," ती म्हणाली, "पुढं या. नीट बघून घ्या."

मी पुढं झाले आणि नीट बघितलं. बाळ जागं होतं. ते माझ्याकडं बघत होतं आणि त्याला काही कळत नव्हतं. माझ्या मुलीचे कान तसेच होते, वरून जरा दुमडलेले. ते मला तेव्हा आठवलं, आणि मग कपाळ आठवलं, आणि मग सगळं तोंड.

काकूंनी तिला दंडाला धरून पुढं नेलं. मी दार लावलं, तिथंच खाली बसले आणि रडले. मोठ्यानं रडले. गल्लीनं ऐकलं असेल तर ऐकू दे.